शीत वायुग्रहण, मोटारगाडीतील

एंजिनातील ज्वलनासाठी लागणारी हवा बॉनेटखालच्या तापलेल्या पोकळीतून न घेता बाहेरील तुलनेने थंड भागातून घेण्याची व्यवस्था. व्यवहारात तिला ‘कोल्ड एअर इनटेक’ असे म्हणतात. कारखान्याने बसविलेली हवा-पेटी, गाळणी व नळी काढून त्यांच्या जागी बाजारात मिळणारा संच बसविणे, असाही या संज्ञेचा अर्थ रूढ झाला आहे. वेगवान गाड्यांच्या हौशी मालकांमध्ये असा संच बसविण्याची प्रथा विशेष आढळते. कारण एंजिन न उघडता, थोड्या हत्यारांनी व एखाद्या दुपारात करता येण्याजोगा हा फेरफार आहे. त्यापासून मिळणारी शक्तिवाढ मात्र लहान असते व ती एंजिन पूर्ण भाराखाली चालत असतानाच मिळते. उलट नळीचे तोंड अयोग्य जागी असल्यास वा गाळणी निकृष्ट असल्यास होणारी हानी मोठी व कायमची असू शकते.

तत्त्व : ⇨ अंतर्ज्वलन-एंजिन हा एका अर्थी हवेचा पंपच होय. शोषण-धावेत दट्ट्या खाली जाताना सिलिंडरात हवा ओढली जाते. तिचे घनफळ सिलिंडराच्या मापाने ठरलेले असते. परंतु किती इंधन जळू शकेल हे हवेच्या घनफळावर नव्हे, तर तिच्या वस्तुमानावर अवलंबून असते. १ किग्रॅ. शुद्ध पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सु. १४·७ किग्रॅ. हवा लागते. दाब कायम असता हवेची घनता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे तेवढ्याच घनफळात थंड हवा अधिक मावते व तिच्याबरोबर अधिक इंधन जाळता येते.

बाहेरील हवा ३५° से. (३०८ के.) व बॉनेटखालील हवा ६५° से. (३३८ के.) असल्यास बाहेरील हवेची घनता सु. १० टक्क्यांनी अधिक भरते. तथापि शक्ती त्याच प्रमाणात वाढत नाही. गरम भिंती व झडपा यांच्या सान्निध्यात सिलिंडरात शिरेपर्यंत थंड हवा अधिक तापते आणि सुरुवातीच्या लाभाचा काही भाग नाहीसा होतो. एंजिनाच्या चाचणीचे निष्कर्ष एकाच पातळीवर आणण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण आयएसओ १५८५ मध्ये पेट्रोल-एंजिनाकरिता निरपेक्ष तापमानांच्या गुणोत्तराचा ०·६ वा घात घेतात. त्यानुसार वरील उदाहरणात शक्तिवाढ सु. ५·७ टक्के येते. ६० अश्वशक्तीच्या एंजिनाच्या बाबतीत हा लाभ सु. साडेतीन अश्वशक्तीचा होतो.

थंड हवेचा दुसरा लाभ ठिणगीच्या वेळेशी निगडित आहे. हवा गरम असल्यास संपीडनाच्या शेवटी मिश्रणाचे तापमान फार वाढते व त्याचा काही भाग आपोआप पेटून एंजिनात खटखट होते. तिला कारागीर ‘नॉकिंग’ म्हणतात. ती टाळण्यासाठी आधुनिक गाडीतील इलेक्ट्रॉनीय नियंत्रक ठिणगी उशिरा पाडतो व त्यामुळे शक्ती घटते. आत येणारी हवा थंड राहिल्यास ठिणगी योग्य वेळी पाडता येते. उष्ण प्रदेशात व संपीडन गुणोत्तर अधिक असलेल्या एंजिनात हा लाभ महत्त्वाचा ठरतो.

हवा नेहमी थंडच हवी, असे मात्र नाही. ⇨ कार्ब्युरेटर असलेल्या एंजिनात इंधनाच्या बाष्पीभवनाने नळीचे तापमान उतरते व दमट, थंड हवामानात तिच्यात बर्फ धरतो. म्हणून काही जुन्या यूरोपीय गाड्यांच्या हवा-गाळणीला उन्हाळी व हिवाळी अशा दोन स्थिती असत. हिवाळ्यात निष्कास-नळीजवळची गरम हवा मुद्दाम आत घेतली जाई.

मूळ व्यवस्था : नव्या संचापासून होणारा लाभ तो कोणत्या व्यवस्थेच्या जागी बसविला जातो यावर अवलंबून असतो. जुन्या गाड्यांत गाळणीची तबकडीसारखी पेटी कार्ब्युरेटरच्या माथ्यावरच असे व ती बॉनेटखालची तापलेली हवा घेई. अशा गाडीत बाहेरून हवा आणणे निश्चितच लाभदायक असते. अलीकडील बहुतेक गाड्यांत मात्र ग्रहणनळीचे तोंड कारखान्यातूनच पुढील जाळीमागे, दिव्याच्या बाजूस किंवा चाकावरील पंख्याच्या पोकळीत उघडलेले असते. म्हणजे त्यांत शीत वायुग्रहण मुळातच असते. तेथे नव्या संचामुळे तापमानात फारसा फरक पडत नाही. जो लाभ होतो तो मुख्यतः नळी व गाळणी यांतील दाबघट कमी झाल्यामुळे होतो. पूर्ण भाराखाली स्वच्छ गाळणी व नळी यांतील दाबघट सर्वसाधारणपणे १ ते ३ किलोपास्काल असते. ती सर्वच्या सर्व नाहीशी करता आली, तरी सिलिंडरातील हवा एक ते तीन टक्क्यांनीच वाढेल.

मूळ नळीला जोडलेल्या पोकळ पेट्या अनेकांना निरर्थक वाटतात. वास्तविक त्या अनुनादक असून हवा ओढली जात असताना होणारा आवाज शमविणे हे त्यांचे कार्य असते. त्या काढल्यावर एंजिनाचा घोष वाढतो. हा घोष ऐकून गाडी जोरकस झाल्याचा समज चालकाला होतो, परंतु आवाज व शक्ती यांचा येथे थेट संबंध नसतो.

इतिहास : थंड हवेचे महत्त्व शर्यतींच्या क्षेत्रात प्रथम ठळकपणे प्रत्ययास आले. फोर्ड कंपनीच्या १९६४ सालच्या थंडरबोल्ट या शर्यतीच्या गाडीत पुढील चार दिव्यांपैकी आतले दोन काढून त्या जागी जाळ्या बसविल्या होत्या व तेथून जाड नळ्यांनी कार्ब्युरेटरला हवा पुरविली जाई. पाँटिॲक कंपनीच्या जीटीओ या गाडीसाठी १९६५ पासून ‘रॅम एअर’ नावाचा संच विक्रेत्यांकडे मिळू लागला. शेव्हरोले कंपनीने कॅमारो या गाडीसाठी १९६९ साली उंचवटा असलेले बॉनेट उपलब्ध केले. समोरील काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब अधिक असतो, त्याचा उपयोग त्यात करून घेतला होता. फॉर्म्युला-१ शर्यतींच्या गाड्यांवर १९७०–८० या दशकाच्या आरंभी चालकाच्या डोक्यावरून उंच जाणाऱ्या हवा-पेट्या आल्या. १९७६ च्या हंगामात त्यांच्या उंचीवर निर्बंध घालण्यात आला.

महाराष्ट्र व गोवा या भागांत खास क्रीडा-गाडी म्हणून तयार झालेल्या गाड्या थोड्याच आहेत. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी रेनो कंपनीच्या १,१४९ घ. सेंमी. एंजिनावर चाले व तिची शक्ती सु. ६० अश्वशक्ती होती. २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात दाखविण्यात आलेल्या, दिलीप छाब्रिया यांच्या आराखड्याच्या अवंती या गाडीत टर्बोचार्जर असलेले रेनोचे सु. २ लि. एंजिन आसनांच्या मागे बसविलेले होते. यांचे उत्पादन आता बंद झाले आहे. त्यामुळे येथे हा संच बहुधा नेहमीच्या बांधणीच्या, पण जोरकस एंजिनाच्या गाड्यांवरच बसविला जातो.

प्रकार व घटक : बाजारातील संचांचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत. (१) आखूड नळीचा संच : यात शंकूच्या आकाराची गाळणी एंजिनाजवळ उघडीच असते. हा बसविण्यास सोपा व स्वस्त असतो. परंतु तो रेडिएटरमागची गरम हवा ओढतो. त्यामुळे नावाने शीत असला, तरी मूळ व्यवस्थेपेक्षा तो अधिक गरम हवा घेण्याची शक्यता असते. (२) लांब नळीचा संच : यात गाळणी पुढील बंपरच्या आत किंवा चाकावरील पंख्याच्या पोकळीत खाली नेलेली असते. हवा खरोखरच थंड मिळते, पण गाळणी जमिनीजवळ येते. (३) बंदिस्त पेटीचा संच : यात मोठी गाळणी पेटीत बंद करून पेटीला बाहेरील हवेचा मार्ग जोडलेला असतो. उष्णता, धूळ व पाणी या तिन्ही दृष्टींनी हा प्रकार समतोल असतो.

गाळणी कागदाची, फेसाळ कृत्रिम द्रव्याची किंवा तेल दिलेल्या सुती कापडाची असते. कागदी गाळणी ठराविक काळानंतर बदलावी लागते. कापडी गाळणी धुऊन व पुन्हा तेल देऊन वापरता येते. हवेला होणारा अडथळा व धूळ अडविण्याची क्षमता हे गुण सामान्यतः परस्परविरोधी असतात. म्हणून ‘मोकळी’ गाळणी निवडताना तिची धूळ अडविण्याची क्षमता पाहणे अगत्याचे असते.

नळी ॲल्युमिनियमाची असावी की प्लॅस्टिकची, याविषयी पुष्कळ वाद घातला जातो. २ लि. चे चार धावांचे एंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असता सु. ५·४ घ. मी. हवा मिनिटास ओढते. ७० मिमी. व्यासाच्या नळीतून तिचा वेग सेकंदास सु. २३ मी. असतो. म्हणजे एक मीटर लांबीची नळी ती १/२० सेकंदाहून कमी वेळात ओलांडते. इतक्या अल्प काळात नळीच्या भिंतीपासून ती फारशी तापत नाही. एंजिन मंदगतीने चालत असताना हवा नळीत सु. एक सेकंद रेंगाळते व त्या वेळी धातूच्या नळीत ती अधिक तापते. पण तेव्हा शक्तीची गरजही नसते.

गाडीच्या वेगामुळे हवा आपोआप कोंबली जाते, असाही दावा करण्यात येतो. ताशी १०० किमी. वेगाला वाऱ्याचा गतिज दाब वातावरणीय दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. रस्त्यावरील वेगाला हा परिणाम नगण्य होय.

बसविण्याची रीत : काम सुरू करण्यापूर्वी एंजिन पूर्ण थंड होऊ देतात व बॅटरीच्या ऋण अग्राची जोडणी सोडतात. नंतर हवा-पेटीवरील संवेदकांच्या तारा, भुजापेटीची श्वास-नळी व क्लॅम्प सैल करून मूळ पेटी व नळी एकत्रच बाहेर काढतात. सुटे भाग जपून ठेवणे इष्ट असते, कारण पुढे मूळ व्यवस्था पुन्हा बसविण्याचा प्रसंग येऊ शकतो. थ्रॉटलचे उघडे तोंड स्वच्छ फडक्याने झाकतात. त्यातून एखादा लहान स्क्रू आत गेला, तरी झडप व दट्ट्या यांची नासाडी होते. नवी नळी जोडण्यापूर्वी फडके काढल्याची खात्री करावी लागते.

संवेदक नव्या नळीत बसविताना त्यावरील बाणाची दिशा हवेच्या प्रवाहाच्या दिशेशी जुळली पाहिजे. सर्व नळ्या आधी सैल जोडून, त्यांची मांडणी ठीक झाल्यावरच क्लॅम्प आवळतात. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने भार पडताच ते हलते. म्हणून नळी व आसपासचे भाग यांत दोन-तीन सेंमी. अंतर राखतात. पट्टा, पंखा व निष्कास-नळी यांपासून ती दूर असावी. बॉनेट लावल्यावर नळीला टेकत नाही ना, हे मातीचा मऊ गोळा नळीवर ठेवून व बॉनेट मिटून पाहतात. शेवटी एंजिन सुरू करून जोडांतून हवा शिरण्याचा फुसफुस आवाज येत नाही, याची परीक्षा करतात व काही दिवसांनी क्लॅम्प पुन्हा तपासतात.

संवेदकावरील परिणाम : अनेक गाड्यांत आत जाणाऱ्या हवेचे वस्तुमान तप्त तारेच्या संवेदकाने मोजतात. हा संवेदक नळीच्या संपूर्ण छेदातील नव्हे, तर तारेवरून जाणाऱ्या प्रवाहाचे मापन करतो. त्यावरून एकूण हवा किती, हे मूळ नळीचा व्यास गृहीत धरून काढलेले असते. ७० मिमी. ऐवजी ७६ मिमी. व्यासाची नळी घातल्यास छेदाचे क्षेत्रफळ सु. १८ टक्क्यांनी वाढते, तारेवरील वेग तेवढ्या प्रमाणात घटतो व नियंत्रक हवा कमी असल्याचे समजून इंधनही कमी सोडतो. हलक्या भाराला निष्कासातील ऑक्सिजन-संवेदक ही चूक बरीचशी सुधारतो. पूर्ण भाराला मात्र अनेक गाड्यांत ही सुधारणा पुरेशी होत नाही. मिश्रण विरळ राहून नॉकिंग होते व दट्ट्याचा माथा जळण्याचा संभव असतो. यासाठी संवेदकाजवळ मूळ व्यासच राखलेला संच निवडतात. कापडी गाळणीला तेल जास्त झाल्यास ते तारेवर चढूनही मापन चुकते.

टर्बोचार्जर असलेल्या एंजिनात हवा संपीडनामुळेच खूप तापते. दाब १·८ पट केला व संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३५° से. ची हवा आणखी सु. ८०° से. ने तापते. तेथे ती थंड करण्याचे मुख्य काम आंतरशीतक करतो. ग्रहणनळीचा वाटा दुय्यम असतो.

शक्तिवाढीचे मापन : विक्रेत्यांचे आकडे बहुधा शक्तिमापक रुळांवरील चाचणीचे असतात. या चाचणीत बॉनेट उघडे ठेवून समोर मोठा पंखा लावल्यास उघड्या गाळणीलाही थंड हवा मिळते आणि रस्त्यावर न मिळणारा लाभ कागदावर दिसतो. म्हणून दोन्ही चाचण्या एकाच दिवशी, बॉनेट मिटून व एंजिनाचे तापमान सारखे राखून केलेल्या असतील, तरच तुलना ग्राह्य ठरते. बारीक फरक चाचणीतील स्वाभाविक चढउतारांतच लपून जातात. इंधन-बचतीचा दावा तर बहुतांशी निराधार आहे. नेहमीच्या चालीत थ्रॉटल अर्धवट मिटलेलाच असतो. हवा घन झाल्यास चालक तो आणखी थोडा मिटतो, एवढाच फरक पडतो.

नासिक परिसरातील परिस्थिती : वरील तत्त्वे एखाद्या विशिष्ट स्थळी लावून पाहिल्यास लाभ-हानीचे प्रमाण स्पष्ट होते. नासिक शहर समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहे. या उंचीला हवेचा दाब सु. ९४·३ किलोपास्काल, म्हणजे समुद्रसपाटीपेक्षा सु. ७ टक्क्यांनी कमी असतो व उपर्युक्त प्रमाणानुसार टर्बोचार्जर नसलेल्या एंजिनाची शक्ती सु. ८ टक्क्यांनी घटते. मुंबईहून कसारा घाट चढून आलेली गाडी उंचीमुळे जेवढी शक्ती गमावते, तेवढी कोणताही वायुग्रहण-संच भरून देऊ शकत नाही. ऋतुमानाचा परिणामही असाच मोठा आहे. येथे एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान ४०° से. च्या आसपास जाते, तर जानेवारीत पहाटे ते १०° से. किंवा त्याहून खाली उतरते. या दोन वेळी त्याच एंजिनाच्या शक्तीत सु. ६ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे संच उत्तम रीतीने बसवून जे मिळवावयाचे, ते हिवाळ्याच्या पहाटे निसर्गतःच मिळते.

इंदिरानगर हे मुंबई–आग्रा महामार्गालगतचे निवासी उपनगर होय. तेथील वाहनांना महामार्गाखालील बोगद्याच्या परिसरात दाटीमुळे अनेकदा थांबत-थांबत जावे लागते. अशा वेळी रेडिएटरमागची हवा सर्वांत अधिक तापलेली असते व उघड्या गाळणीला तीच मिळते. एंजिन मात्र आपल्या कमाल हवेच्या अल्पांशच हवा ओढत असते. रोजच्या या चालीत पूर्ण थ्रॉटल उघडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. म्हणजे ज्या अवस्थेत संचाचा लाभ होतो, ती अवस्था घाटचढण, पुढील वाहन ओलांडणे किंवा नियोजित स्पर्धा यांपुरतीच मर्यादित राहते. भारतीय राष्ट्रीय रॅली मालिकेतील ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही स्पर्धा नासिकच्या आसपासच्या ग्रामीण रस्त्यांवर झालेली आहे. अशा स्पर्धेत काही टक्क्यांच्या शक्तीलाही मोल असते, पण तेथे गाळणीची प्रतही तितकीच महत्त्वाची असते. कच्च्या रस्त्यावरील धूळ एंजिनात गेल्यास ती तेलात मिसळून घासणाऱ्या मिश्रणासारखी काम करते; सिलिंडरच्या भिंती व दट्ट्याची कडी झिजतात आणि संपीडन कायमचे उतरते.

पाण्याचा धोका : लांब नळीच्या संचातील सर्वांत गंभीर धोका पाण्याचा आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ५०० घ. सेंमी. धावफळाच्या व १० : १ संपीडन गुणोत्तराच्या सिलिंडरात दट्ट्या वर असताना उरणारी जागा सु. ५५ घ. सेंमी. असते. त्याहून अधिक, म्हणजे अर्धा कप चहाइतके पाणी एका सिलिंडरात शिरले, तरी दट्ट्या मध्येच अडतो व संयोगदांडा वाकतो किंवा तुटून एंजिनाचे कवच फोडतो. नासिक शहरात पाऊस मध्यम असला, तरी घाटमाथ्यावरील इगतपुरीस तो वर्षाकाठी ३,००० मिमी. हून अधिक पडतो आणि सखल रस्ते व बोगदे यांत थोड्या वेळात पाणी साचू शकते. बंपरमध्ये खाली असलेली गाळणी पाण्यात बुडाली, की एंजिन पाणीच ओढते. काही संचांत गाळणी बुडताच वरून हवा घेणारी उपमार्ग-झडप देतात. ती टर्बोचार्जर असलेल्या एंजिनाला सामान्यतः चालत नाही. खडतर प्रदेशातील जीपगाड्यांची ग्रहणनळी छतापर्यंत उंच नेलेली असते, ती याच कारणाने. पाण्यात एंजिन बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये; गाडी ओढून नेऊन सिलिंडरांतील पाणी आधी काढावे लागते.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा कडक अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १८२-अ (४) प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकास ५,००० रु. दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वायू व ध्वनी यांच्या प्रदूषणाविषयीचे नियम याखेरीज लागू असतात. वाहनाच्या प्रकारास उत्सर्जनाच्या दृष्टीने मिळालेली मान्यता त्याच्या मूळ घटकांसह दिलेली असते; पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही अशा चाचण्या करणारी प्रमुख संस्था आहे. ठराविक काळाने होणारी प्रदूषण-तपासणी पेट्रोल-गाडीत एंजिन भाराविना चालवून केली जाते. पूर्ण भाराखालील मिश्रणातील दोष तीत उघड होत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशा संचाची उत्सर्जन-चाचणी होऊन राज्याच्या मंडळाचा क्रमांकित आदेश मिळाल्यावरच तो रस्त्यावरील गाडीत वापरता येतो. उत्पादकाच्या हमीवरही फेरफाराचा परिणाम होऊ शकतो.

या सर्व गोष्टी ध्यानात घेता, शर्यतीसाठी राखलेल्या गाडीत शीत वायुग्रहण-संच इतर सुधारणांबरोबर उपयुक्त ठरतो. रोजच्या वापरातील गाडीत मूळ हवा-पेटीची गळती थांबविणे, तिची गाळणी वेळेवर बदलणे व बाहेरील हवेचे तोंड पानपाचोळ्याने बुजू न देणे यांनी त्यातील बराचसा लाभ कोणताही धोका न पत्करता पदरात पडतो.